गेला म्हणजे कुठे गेला?

आखाजी जवळ आली की सुरतेत पर्वत पाटियाच्या नाक्यावर पिशव्या दिसायला लागतात. एरवी इथे कापडाच्या गठड्या. टेंपोत रचलेल्या, हातगाडीवर बांधलेल्या, कुणाच्या डोक्यावर डुलणाऱ्या. पण चैत्र सरता सरता त्यांच्यात माणसांच्या पिशव्या मिसळतात. साडीच्या दुकानाची चकचकीत पिशवी, तिच्यात पोरांचे नवे कपडे, काखेत खोक्यातला टेबलफॅन. खानदेशातली माणसं गावाकडे निघालेली असतात. आपण जिला अक्षय्य तृतीया म्हणतो ती त्यांची आखाजी, आणि त्यांच्या लेखी ती दिवाळीहून मोठी. मी बाल्कनीत उभी राहून बघते आणि माणसं मोजायला लागते. दोन वर्षं झाली, तरी मोजते.

मी खानदेशातली नाही. वडील साताऱ्याचे, बँकेत होते, बदली होऊन सुरतेला आले आणि इथलेच झाले. मी तेव्हा नऊ वर्षांची. बाहेर गुजराती, शाळेत हिंदी, पण उंबऱ्याच्या आत मराठी, आणि तीही इस्त्री केलेली. शेजारचे काका मेले असं मी एकदा जेवताना म्हणाले, तर बाबांनी घास ताटात ठेवला. ‘मेले काय? गुरंढोरं मरतात. माणसं जातात. काका गेले म्हण.’ तेव्हापासून आमच्या घरात कुणी मेलं नाही. आजी गेली, आत्या गेली, मग आई आणि बाबाही गेले.

हे सगळं सांगायचं कारण असं, की माझी भाषा हा माझा माज होता. ऑफिसातली पोरं मला मागून ‘डिक्शनरीबेन’ म्हणायची आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

ऑफिस कतारगामात, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली दोन मजले हिरे घासणाऱ्यांचे. त्यांच्या चाकांची घरघर पायांच्या तळव्यांना कळायची. आमचा धंदा कॉम्प्युटरचा. कृणाल म्हणून तिशीतला मालक आहे, मला मेधाबेन म्हणतो, आणि हातातलं काम संपायच्या आत पुढच्या कामाचं स्वप्न बघतो. त्याने एका डाइंग मिलचं काम घेतलं होतं. मिलच्या कामगारांची सगळी माहिती एका जुन्या डेटाबेसमध्ये होती आणि आता तिच्यावर एआय एजंट बसवायचा होता. एजंट म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणारा प्रोग्रॅम. यादी काढ म्हटलं की काढतो, पत्र पाठव म्हटलं की पाठवतो, मध्ये कुणाला काही विचारत नाही.

पण या एजंटाची गत नव्या सुनेसारखी. स्वयंपाकघरात डबे पन्नास, एकावरही चिठ्ठी नाही, मीठ कुठलं नि पिठीसाखर कुठली? म्हणून त्याच्यासाठी एक विचारपूस करायचं साधन केलं होतं. एजंटाने त्याला विचारायचं, ‘या टेबलात काय आहे? या रकान्याचा अर्थ काय?’ साधनाने उत्तर द्यायचं, आणि मग एजंटाने कामाला लागायचं. ती उत्तरं कुणीतरी माणसाने आधी लिहून ठेवावी लागतात. ते माणूस मी. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम, आणि ते साधन कसं वापरायचं याची पुस्तिका लिहायचं कामही माझंच.

दर रकान्यामागे मला चार चौकटी भरायच्या होत्या. नाव, अर्थ, उदाहरण, आणि चौथी चौकट: ‘कोणाला विचारलं’. ही चौथी चौकट मीच मोठ्या दिमाखात पुस्तिकेत घातली होती. खाली तळटीप दिली होती की अंदाजाने अर्थ लिहू नये. दुसऱ्याला सांगायला माझ्याइतकं हुशार कोणी नाही.

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे दिवस होते. गच्च्यांवरून पतंग कापल्याच्या आरोळ्या, खिडकीतून मांज्याचे तुकडे आत येऊन पडलेले, आणि माझ्यापुढे मिलचं मुख्य टेबल. त्याचं नाव होतं ‘माणूस’. मला हसूच आलं. एरवी ‘एम्प्लॉयी मास्टर’ वगैरे असतं, इथे इंग्रजी अक्षरांत सरळ ‘माणूस’. हे सगळं वीसएक वर्षांपूर्वी मिलच्या ऑफिसातल्या निंबा आबांनी रचलं होतं. आबा शिंदखेड्याकडचे, रंगखात्यात बादल्या उचलायला लागले, पुढे एका शेठच्या लहरीने कॉम्प्युटरपुढे बसवले गेले. त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये रकान्याच्या नावाला दहाच अक्षरं मिळत, म्हणून त्यांनी शब्द छाटले होते. नाव. बाप. गाव. घर-फोन. जन्म-ता. गेला-ता.

जन्म-ता म्हणजे जन्मतारीख, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याच्या शेजारी गेला-ता. मी रकाना उघडून बघितला. हजारभर माणसांत तीसेक जणांपुढेच तारखा, त्याही जुन्या, विखुरलेल्या. जन्माच्या शेजारी जाण्याची तारीख. मला गलबलून आलं, खरंच. आबांनी ‘मेला’ लिहिलं नाही, ‘गेला’ लिहिलं, केवढा तो सभ्यपणा, असंही मनात आलं. मी अर्थाच्या चौकटीत लिहिलं, ‘कामगाराच्या निधनाची तारीख’. चौथ्या चौकटीत, जिथे कोणाला विचारलं ते लिहायचं, तिथे लिहिलं, ‘अर्थ उघड आहे’. आणि चहाला गेले.

आबांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एक फोन करायचा होता, दोन मिनिटांचा.

उन्हाळा आला तसा सुरतेचा वास बदलला. मिलकडे गेलं की ओल्या कापडाची वाफ, रंगाचा आंबूस दर्प, आणि नाल्याच्या पाण्याचा रोज वेगळा रंग. एजंट सुरू झाला. मिलचे नवे शेठ तरुण आणि सज्जन. त्यांनी स्वतःहून कृणालला सांगितलं की आपल्याकडचा कुणी वारला तर घरच्यांना मिलतर्फे दोन शब्द जायला हवेत, त्यांच्या भाषेत. कृणालने एजंटाला तसं काम नेमून दिलं: नवी नोंद दिसली की घरच्या फोनवर शोकसंदेश पाठवायचा. मराठी मजकूर मला दाखवला. ‘मेधाबेन, मराठी बराबर छे ने?’ मी ‘दुःख’मधला विसर्ग दुरुस्त केला. ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ विसर्ग नसेल तर दुःखाला काय किंमत, असं काहीतरी शहाणपण मी तेव्हा बोलल्याचं कृणाल अजून सांगतो. मला ते ऐकवत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मी डबा उघडला होता. कृणाल केबिनमधून बाहेर आला तो भिंतीला धरून. तोंडाला रंग नाही.

‘मेधाबेन, मिलमां अडसठ माणस मरी गया.’

माझ्या हातातला घास तसाच राहिला. अडुसष्ट! डोळ्यांपुढे आधी बॉयलर आला. मग आग, मग ते अरुंद जिने, दारापाशी रचलेले कापडाचे ताके. कृणालच्या स्क्रीनवर एजंटाचा अहवाल होता, थंडगार, नेटका: आज अडुसष्ट निधनांची नोंद झाली, अडुसष्ट कुटुंबांना संदेश पाठवले. मी टीव्ही लावायला सांगितला. टीव्हीवर आंब्याच्या भावाची बातमी. फोनमधली नावं दोनदा वरखाली केली तरी आबांचा नंबर सापडेना. शेवटी लागला.

‘आबा! किती माणसं गेली हो?’

‘अडुसष्ट गेली ताई,’ आबा शांतपणे म्हणाले. ‘आता सांजच्या गाडीनं आजून वीस-पंचवीस जातील.’

देवाशप्पथ सांगते, मला त्यांचा रागच आला. हा माणूस इतका शांत कसा? सांजच्या गाडीने? आणि मग ‘गाडी’ हा शब्द डोक्यात शिरला.

‘आबा, गेली म्हणजे कुठे गेली?’

‘कुठे म्हणजे? गावाला. आखाजी नाही का उद्या? रात्रपासून एकेकाची तारीख टाकतोय, बोटं दुखी आली.’

अडुसष्ट माणसं जिवंत आहेत हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण डोळा लवतो तेवढाच. दुसऱ्या क्षणी अडुसष्ट घरं दिसली. अडुसष्ट फोन, बहुतेक बायकांचे, पदराच्या टोकाला बांधलेले किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवलेले.

त्या दुपारी ऑफिसातल्या आम्ही सहा जणांनी एकेक यादी वाटून घेतली आणि फोन लावत सुटलो. बहुतेक ठिकाणी नवरा समोर बसलेला होता. एका घरात मेलेल्यानेच फोन उचलला. ‘मी मेलो का? कधी?’ म्हणाला, आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. मागून त्याची आई पाणी दे पाणी दे म्हणत होती. दुसऱ्या एकाने तो संदेश गावाच्या पारावर मोठ्याने वाचून दाखवला होता आणि पोरं त्याला हार घालून मिरवत होती. एका म्हातारीने मात्र मला अशा शिव्या दिल्या की मी त्या इथे लिहू शकत नाही. मी ऐकून घेतल्या. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही.

चार वाजेपर्यंत सदुसष्ट नावांवर काट मारून झाली. एक नाव राहिलं. भटू. गाव दोंडाईचा. त्याचा स्वतःचा फोन बंद, आणि घर-फोन नुसता वाजत राही, कुणी उचलत नव्हतं. पाच वाजले, सहा वाजले. मी दर दहा मिनिटांनी लावत होते. खालचे हिरेवाले घरी गेले, चाकं थांबली, आणि पायाखालची ती घरघर गेल्यावर फोनची रिंग आणखी मोठी वाटायला लागली. दिवेलागणीला एका माणसाने फोन उचलला. मागे खूप बायकांचा आवाज. मी मिलचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, ‘आता काय करता फोन करून?’ मी ओरडून सांगितलं, ‘तो जिवंत आहे, चूक झाली आहे, भटू जिवंत आहे!’ तो म्हणाला, ‘माहिती शे. आत्ताच उना.’ म्हणजे आत्ताच आला. आणि फोन कट.

दुसऱ्या दिवशीपासून ही सगळी गंमत झाली. अशी गोष्ट गंमत व्हायला एक दिवस पुरतो, याचाही मला धक्काच बसला. चहाच्या टपरीवर, मिलच्या गेटवर, सगळीकडे एकच: एआयने अडुसष्ट माणसं मारली. ‘मशीन छे, भूल करे,’ शेठ म्हणाले, आणि वरून पेढे पाठवले, माणसं वाचली म्हणून. कृणालने तो शोकसंदेश बंद केला. वर्तमानपत्रवाला कुणी आला नाही एवढं नशीब.

पण मी नोंदी उघडून बघितल्या होत्या. एजंट काय करतो त्याची ओळ न ओळ तिथे राहते. सकाळी नव्या तारखा दिसल्यावर एजंटाने घाई केली नव्हती. आधी साधनाला विचारलं होतं, ‘गेला-ता या रकान्याचा अर्थ काय?’ साधनाने सांगितलं, ‘कामगाराच्या निधनाची तारीख.’ एजंटाने पुन्हा विचारलं, ‘अर्थाची खात्री कुणी केली?’ साधनाने सांगितलं, ‘अर्थ उघड आहे.’ यंत्राने दोनदा विचारलं. मी एकदाही विचारलं नव्हतं.

हे कुणाला माहीत नव्हतं. कृणालला वाटत होतं की एजंटाने गोंधळ केला. मी गप्प बसले. एक दिवस, आठवडा, महिना. ‘हे मशीनवाले लोक असेच’ म्हटलं की मीही मान हलवायचे. आरशात बघितलं की मात्र बाबांनी ताटात घास ठेवल्यासारखं वाटायचं.

त्या महिन्यात मी रोज मिलमध्ये जाऊन आबांच्या खुर्चीशेजारी बसले. रकान्यामागून रकाना. आता विचारायचं ठरवलं होतं, आणि विचारल्यावर जे बाहेर आलं त्याने मी हबकत गेले. ‘बाप’ म्हणजे बापाचं नाव असेल ना? नाही! बाप म्हणजे ज्या मुकादमाने त्याला आणला तो. ‘इथं तोच बाप, ताई. पहिली खोली तो देतो, पहिली भाकर तो देतो.’ आणि ‘गाव’? ते तरी गाव? तेही नाही. गाव म्हणजे उतरायचं स्टेशन. खेड्याचं नाव सांगून सुरतेत कुणाला कळतंय, म्हणून स्टेशन लिहायचं. मी त्याचा अर्थ ‘मूळ गाव’ लिहून ठेवला होता आणि पानभर डौलदार टिपण जोडलं होतं. कपाळ माझं!

‘आणि आबा, हे गेला-ता?’ मी विचारलंच. ‘लांबच्या रजेवर गावी गेला की तारीख टाकायची,’ आबा म्हणाले. ‘परत आला की पुसायची.’ म्हणजे मी जानेवारीत जे तीस जण बघून गहिवरले होते, ते परत न आलेले होते. कुणी शेती धरली, कुणी पुण्याला गेला, कुणी सासुरवाडीला राहिला.

‘पण मग गेला कशाला लिहिलंत? अहिराणीत तुम्ही लोक गया म्हणता ना?’ मी चिडूनच विचारलं. राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

आबा चष्मा पुसायला लागले. ‘घरी गयाच म्हणतो, ताई. गाव गया. पण कॉम्प्युटरमध्ये लिहायचं, मोठी माणसं वाचणार, म्हणून म्हटलं शुद्ध लिहावं.’

मी उठून बाहेर गेले. रंगखात्याच्या दारात उभी राहिले, तोंडावर वाफ येत होती. त्यांनी त्यांच्या भाषेत ‘गया’ लिहिलं असतं तर मी खात्रीने फोन केला असता, कारण तो माझ्या घरातला शब्द नव्हता. त्यांनी माझ्यासारख्यांसाठी शुद्ध लिहिलं आणि मी माझ्या घरातलं मरण त्यांच्या रजेला डकवलं.

त्या दिवशी मी आबांना सगळं सांगितलं, ‘निधनाची तारीख’ हे वाक्य माझं होतं तेही. त्यांनी समोरची यादी बंद केली. मग म्हणाले, ‘मला नका सांगू. रत्नाला सांगा.’ रत्ना म्हणजे भटूची बायको. सुट्टी संपवून ती दोघं सुरतेतल्या नवागामच्या खोलीवर परतली होती. मला तिच्यापुढे जाऊन हे वाक्य माझं आहे एवढंच म्हणायचं होतं. एवढंच, आणि तेवढं मी घरी दहा वेळा म्हणून बघितलं. ऐकून तिने मला दारातून हाकललं असतं तर ते रास्तच होतं.

नवागामला आबांच्या बरोबर गेले. रविवारची सकाळ. गल्लीत यंत्रमागांची खटखट अशी की शेजारी बोलायचं तरी ओरडावं लागतं. खोली एकच, पत्र्याची, पण लख्ख. भटू कामावर होता. रत्ना तिशीची असेल, काटक, नजर सरळ. तिने स्टूल पुसून दिलं. हातात हिरव्या बांगड्या होत्या, नव्या कोऱ्या, आणि डाव्या मनगटावर एक बारीक व्रण. मी तिकडे बघतेय हे तिला कळलं.

‘जावेनं फोडल्या,’ ती म्हणाली. ‘काच घुसला.’

मग तिने आपणहून सांगितलं. आखाजीसाठी ती चार दिवस आधीच गावी गेली होती. त्या दुपारी ती दुसऱ्या दिवशीसाठी मोठ्या घागरीला हळदीकुंकू लावत होती. आखाजीला त्यांच्यात गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, सासऱ्यांची होती. फोन वाजला, दिराने वाचला, मोठ्याने. वाचता वाचता त्याचा आवाज गेला. भटू सकाळच्या गाडीने निघालेला, पण तो नंदुरबारला उतरून बहिणीला माहेरी आणायला गेला होता, मुऱ्हाळी म्हणून. ते कुणाला सांगितलं नव्हतं, बहिणीला अचानक आणून आईला चकित करायचं होतं. फोनची बॅटरी संपलेली. इकडे गावच्या घरी अंगण माणसांनी भरलं. बायकांनी तिला धरलं. कुणी कपाळ पुसलं, कुणी हात धरला.

‘कोणी मिलमध्ये फोन नाही केला?’ मी विचारलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

‘कोन करीन? इतकं चांगलं मराठीत लिहेल होतं. सरकारी कागदसारखं. खोटं कसं वाटीन?’

माझा विसर्ग.

‘मी रडली नाही, ताई,’ ती पुढे म्हणाली. ‘माले रडूच येईना. मी घागरीकडे बघत होती. सासऱ्याच्या घागरीशेजारी आता दुसरी मांडावी लागीन, आणि घरात दुसरी घागर नाही, एवढंच डोक्यात. संध्याकाळी तो दारात उभा राहिला, बहीण मागे, दोघं हसी ऱ्हायले. मी उठली आणि त्याले मारलं. चप्पलनं मारलं, सगळ्या गावासमोर.’ ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ‘आजूनबी तो ड्यूटीवरून यायला उशीर झाला, की माझा हात बांगडीवर जातो.’

खटखट चालूच होती.

‘जाऊ द्या,’ रत्नाने पदराने डोळे पुसले. ‘मशीनले काय समजतं.’

हीच पळवाट होती. तिनेच उघडून दिलेली. मान हलवली असती, चहा घेतला असता, पायरी उतरून रिक्षा पकडली असती. माझी मान हललीही अर्धी. मग मी म्हणाले, ‘मशीन नव्हतं. मी लिहिलं होतं. गेला म्हणजे वारला, असं मीच लिहून ठेवलं होतं. मशीनने मला विश्वासाने विचारलं आणि मी त्याला खोटं सांगितलं.’

तिचा चेहरा बदलला. इतका, की मी स्टुलावरून उठले. ती मला आपादमस्तक बघत राहिली, जसं पहिल्यांदाच बघतेय.

‘तुम्ही? मराठी असून?’

त्या दोन शब्दांनी मला जे लागलं, ते त्या म्हातारीच्या शिव्यांनी लागलं नव्हतं. मी काय सांगणार? मराठी असूनच चुकले, बाई. गुजराती पोराने विचारलं असतं. मी हात जोडले. माझ्या आयुष्यात मी देवासमोरसुद्धा इतके घट्ट हात जोडले नसतील.

रत्नाने उठून माठातलं पाणी दिलं. क्षमा केली की नाही ते मला माहीत नाही, आजही नाही. पाणी मात्र दिलं. मी ते प्याले. आबांना वाटलं असावं की आता विषय संपला, म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

रत्ना तिथेच उभी होती, हातात रिकामा लोटा, काहीतरी मनात जुळवत असल्यासारखी.

‘मंग जे खरंच जातात, त्यांचं काय लिवता?’ तिने विचारलं.

महिनाभर त्या टेबलात डोकं घालून बसले होते आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. मी आबांकडे बघितलं. आबांनी पिशवी परत खाली ठेवली.

‘काही नाही लिवत,’ ते म्हणाले. ‘ओळ काढून टाकतो. पहिल्या शेठनं तसंच सांगेल होतं. हजेरीत मेलेलं नाव बरं नाही दिसत. नाव, बाप, गाव, फोन, सगळं एका बटणात जातं.’

त्या यादीत मरणासाठी रकानाच नव्हता. कधीच नव्हता. मी जो बघून गहिवरले होते, तो मी माझ्या मनाने तयार केला होता.

रत्नाने लोटा खाली ठेवला.

‘म्हणजे हा खरंच गेला असता,’ ती एकेक शब्द मोजत म्हणाली, ‘तर माले मेसेज आलाच नसता?’

मी ‘नाही’ म्हणाले.